पाच फूट, कुठून कुठपर्यंत?

हल्ली कापडाच्या दुकानात मी “दोन मीटर द्या” एवढं जरी म्हटलं, तरी आमच्या प्रज्ञानगरातला कुणीतरी तिथे हजर असतोच, आणि तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारतो, “पगारे भाऊ, कुठून कुठपर्यंत?” दुकानदाराला काही कळत नाही. मला सगळं कळतं. परवा सलूनमध्ये “कल्ले अर्धा इंच वर घ्या” म्हणालो, तर शेजारच्या खुर्चीतून, तोंडभर फेस असलेल्या अवस्थेत, तोच प्रश्न आला. फेसामुळे माणूस ओळखता आला नाही, म्हणून आमचे संबंध अजून टिकून आहेत.

ज्या माणसाने एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली, त्याच्यावर ही वेळ यावी? नटबोल्टपासून कन्व्हेअर बेल्टपर्यंत जे जे त्या गेटातून आत आलं, ते माझ्या हस्ताक्षरात, इंग्रजीत, मापासकट रजिस्टरला चढलं. साहेब आले, साहेब गेले, पण माझ्या रजिस्टरात ‘फूट’च्या जागी ‘फीट’ कधी पडलं नाही. याचं शास्त्र आहे. शिडी दहा ‘फीट’ असते, पण ती असते ‘टेन-फूट लॅडर’. आकडा वस्तूच्या आधी येऊन बसला की फूट एकटा राहतो, नंतर आला की फीट होतात. सगळ्या स्टोअरमध्ये हे जाणणारा मी एकटाच होतो, आणि याची खंत माझ्याशिवाय कुणालाच नव्हती.

निवृत्त होताना नारळ, शाल आणि एक घड्याळ मिळालं. लाल पेन मी स्वतःच घरी आणलं. तेव्हापासून कॉलनीतली लग्नपत्रिका असो की नळाला पाणी न येण्याची नोटीस, ती माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली जात नाही. विहार समितीचा सचिव झाल्यावर तर हे कर्तव्यच झालं. महिला मंडळाने विहाराबद्दल काहीतरी अर्ज दिला होता. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चौदा चुका होत्या. मी त्या लाल पेनाने दाखवून अर्ज प्रेमाने परत केला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा अर्ज आलाच नाही. बायकांचं लेखन सुधारलं असावं, असं मी समजलो.

तर मूर्ती. त्याच महिला मंडळाबरोबर माझी बायको ज्योत्स्ना बोधगयेला गेली होती. तिथे एका झाडाखाली तिला थायलंडच्या मालीवन नावाच्या बाई भेटल्या. दोघींना मिळून एकही सामाईक भाषा येत नव्हती, त्यामुळे त्यांची लगेच मैत्री झाली. ज्योत्स्नाने त्यांना चिवडा आणि लिंबाचं लोणचं दिलं, त्यांनी हिला डोकेदुखीचा बाम आणि गवताची टोपी दिली. मग फोन नंबर. घरी आल्यावर रोज सकाळी तिकडून कमळाचं चित्र यायचं आणि इकडून जोडलेले हात जायचे. मी एकदा म्हणालो, “एखादं वाक्य तरी लिही. मी तपासून देतो.” ज्योत्स्ना म्हणाली, “आमचं नीट चाललंय.”

आमच्या विहाराचे फोटोही तिने पाठवले होते. विहार म्हणजे वीस बाय बाराची एक खोली, पुढे अंगण आणि अंगणाच्या टोकाला नळ. आत तथागतांची एक तसबीर, तिला दर पावसाळ्यात ओल धरते. एका फोटोत तिच्यापुढे पुतळाबाई फुलं ठेवत होती. पुतळाबाई ऐंशीच्या पुढची. निफाडकडून तरणीताठी इथे आली, आणि विहार बांधला तेव्हा त्याच्या विटा तिने डोक्यावरून वाहिल्या. दर वैशाख पौर्णिमेला ती सचिवाला विचारते, “औंदा मूर्ती येती का रं बाबा?” आणि असेल तो सचिव सांगतो, “पुढच्या वर्षी.” मीही दोनदा सांगितलं होतं.

ऑक्टोबरात मालीवनबाईंकडून एका कारखान्याचा फोटो आला. ओळीने चकाकणाऱ्या मूर्ती, आणि त्यातल्या एकीवर बोट. त्यांच्या घरच्यांना आमच्या विहाराला मूर्ती दान द्यायची होती! कॉलनीत पेढे वाटले गेले. मी तडक पुतळाबाईकडे गेलो आणि म्हणालो, “आजी, माझा शब्द आहे. येत्या वैशाख पौर्णिमेला तुम्ही मूर्ती बसलेली बघणार.”

ती म्हणाली, “बघीन की. पर आतून का भाईरून?”

वयोमानाने माणूस असं काहीतरी बोलतं, म्हणून मी सोडून दिलं.

आता दात्यांना रीतसर पत्र पाठवायचं होतं. आपल्याला केवढी मूर्ती हवी, हे त्यांनी कळवायला सांगितलं होतं. समितीची बैठक भरली. उंची पाच फूट, हे दोन मिनिटांत ठरलं. उरलेले चार दिवस पत्रातल्या एका वाक्यात गेले.

मी मसुद्यात लिहिलं होतं, ‘अ फाइव्ह-फूट-टॉल स्टॅच्यू.’ समितीचे अध्यक्ष धनराज आप्पा म्हणाले, “पगारे भाऊ, पाच आहेत ना? मग फूट कसं? फीट पाहिजे.” मी शिडीचं शास्त्र सांगितलं. आप्पा म्हणाले, “शिडी वेगळी, भगवान बुद्ध वेगळे. दात्यांना वाटेल, यांना अनेकवचन येत नाही.” शेवटी मतदान झालं. फीटच्या बाजूने सात हात, फूटच्या बाजूने चार. मी राजीनामा खिशातून काढला. (तो मी नेहमी जवळ ठेवतो, फक्त तारीख घालायची असते.) मग फेरमतदान झालं आणि फूट विजयी झाला.

पण आप्पा माजी ग्रामसेवक. असा माणूस एका पराभवाने गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी ते ‘टॉल’वर घसरले. “टॉल माणसं असतात. वस्तू हाय असते. हाय बिल्डिंग. मूर्ती वस्तू आहे.”

“मूर्ती कुणाची आहे?” मी विचारलं. “माणसाचीच ना? मग टॉल.”

“बसलेला माणूस टॉल असतो का?”

हा प्रश्न खरोखरच खोल होता. मी घरी जाऊन त्यावर विचार केला. स्टूलावर बसलो, आरशात पाहिलं. उभा पगारे टॉल म्हणता येईल, निदान पगारे तरी म्हणेल, पण बसलेल्याबद्दल खात्री देता येईना. तिसऱ्या दिवशी बैठकीत दोन तट पडले, टॉलवाले आणि हायवाले. चहा वेगवेगळा होऊ लागला. चौथ्या दिवशी, कॉलनीची एकी राहावी म्हणून, आमच्याकडे नेहमी निघतो तसा तोडगा निघाला. टॉलही नको आणि हायही नको. दोन्ही शब्द सन्मानपूर्वक वगळण्यात आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘वी रिक्वेस्ट अ फाइव्ह-फूट स्टॅच्यू’ असं निर्दोष, देखणं वाक्य तयार झालं आणि पत्र गेलं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. मालीवनबाईंच्या भाच्याला इंग्रजी येत होतं, असं त्याचं म्हणणं होतं. पहिल्याच ओळीत ‘फाइव्ह फीट्स स्टॅच्यू’. फीट्स! मी लाल पेन उचललं. त्या पत्रात एकूण अकरा चुका निघाल्या. मन कसं भरून आलं! पत्राला मागे एक ड्रॉइंग टाचलेलं होतं. ते मी पाहिलं नाही. स्टोअरमध्येसुद्धा मी ड्रॉइंग कधी बघत नसे, ते इंजिनिअरचं काम. टाचणी लावून फाइलला जोडलं आणि ज्योत्स्नाला म्हणालो, “तुझ्या मैत्रिणीच्या भाच्याला व्याकरणाचं पुस्तक पाठवायला हवं.” ती फोनवर अंगठा पाठवत होती. तिने मान वर केली नाही.

फेब्रुवारीत चौथऱ्याचं काम केरूला दिलं. केरू पेठकडचा गवंडी, हाताला पक्का, बोलायला कमी. त्याने विचारलं, “भाऊ, मूर्ती रुंद कवढी हे?”

“पाच फुटी मूर्ती आहे. रुंदी तिच्या मानाने असेल.”

केरूने थोडा विचार केला. मग तिथेच मांडी घालून बसला, सुतळीने आधी स्वतःला उभं मापलं, मग एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत. “मी बसलो का उंच कमी न् रुंद लय होतो,” तो म्हणाला. “त्यांना इचारून घ्या ना.”

“केरू,” मी म्हणालो, “पत्रव्यवहार मी बघतो.”

त्याने सुतळी गुंडाळली. चार फूट रुंद, वीतभर उंच चौथरा झाला, त्यावर साडेपाच फुटांची सुबक कमान झाली, कमानीला निळा रंग झाला.

एप्रिलच्या शेवटी मुंबईच्या एजंटाचं पत्र आलं की पेटी बंदरातून सुटली आहे. पेटीची मापं सेंटिमीटरमध्ये होती, ‘टू हंड्रेड थर्टी-फाइव्ह हाय’. पत्र आप्पांच्या हातात पडलं आणि ते अंगणातूनच ओरडत आले, “हाय! हाय लिहिलंय बघा! मुंबईच्या माणसाने लिहिलंय!” मी शांतपणे सांगितलं की पेटी ही वस्तू आहे, तिला हायच म्हणतात, त्याने आतल्याचा टॉलपणा कमी होत नाही. हा वाद संध्याकाळपर्यंत चालला. आम्ही दोघांनी मिळून तो कागद किमान वीस वेळा वाचला असेल. दोनशे पस्तीस सेंटिमीटर म्हणजे पावणेआठ फूट होतात, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

पौर्णिमेला आठ दिवस असताना सकाळी ट्रेलर आला. उतरवायला मी एकलहऱ्याच्या ओळखीचा क्रेनवाला वाल्मीक बोलावून ठेवला होता. पेटी बघून तो म्हणाला, “भाऊ, पाच फुटाचं म्हणला होता ना?”

“परदेशी पॅकिंग असतं,” मी म्हणालो. “ते लोक घड्याळसुद्धा फ्रिजच्या खोक्यातून पाठवतात.”

फळ्या निघाल्या, आतला कापूस निघाला, कापड निघालं.

खरं सांगतो, मूर्ती इतकी सुंदर होती की पहिली दोन मिनिटं मला चूक दिसलीच नाही. सोनेरी, शांत, ओठांच्या कडेला आल्यासारखं हसू. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. पुतळाबाई नळापाशी उभी होती, ती म्हणाली, “आगं बाई, केवढं हे!” आणि मग तिथल्या दीडशे माणसांनी आधी मूर्तीकडे, मग विहाराच्या साडेतीन फुटी दाराकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

टेप आप्पांनी आणली. इतक्या तत्परतेने ते कधी काही आणत नाहीत. उंची बैठकीसकट सात फूट दोन इंच.

“टेप चुकीची असेल,” मी म्हणालो. एकतीस वर्षांत हे वाक्य मी कुणाचंही ऐकून घेतलं नव्हतं.

केरूने टेप घेतली आणि एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत लावली. बरोबर पाच फूट, एक सूतही कमीजास्त नाही. “पाच फूट हे ना,” तो म्हणाला. “आडवा.”

मी घरी जाऊन फाइल काढली, टाचणी काढली आणि ड्रॉइंग पाहिलं. मांडी घातलेले तथागत, त्यांच्या गुडघ्याखाली एक ठसठशीत रेघ, रेघेच्या दोन्ही टोकांना बाण आणि मध्ये पाचाचा आकडा. भाच्याला फोन लावला. तो त्याच्या त्या इंग्रजीत फार नम्रपणे म्हणाला की त्यांच्याकडे बसलेली मूर्ती गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंतच मोजतात, सगळ्या देशात, लहान मुलालासुद्धा ठाऊक असतं. तुमच्याकडे कुठून मोजतात? मी म्हणालो, “थँक यू,” आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत ‘कुठून कुठपर्यंत’ हे कॉलनीभर झालं होतं. चूक सगळ्या समितीची होती, तोडगा अकरा जणांनी टाळ्या वाजवून काढला होता, पण पत्राखाली सही एकट्या माझी. आप्पा तर म्हणाले, “मी हाय म्हणत होतो. हाय लिहिलं असतं तर हे झालं असतं का?” हाय लिहिलं असतं तर खरंच झालं नसतं, आणि हेच जास्त लागलं.

मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला, छप्पर काढून वरून सोडा. एकाने मूर्ती आडवी करून खिडकीतून घ्यायला सुचवलं, त्याला पुतळाबाईने असं पाहिलं की तो दोन दिवस विहाराकडे फिरकला नाही. तिसऱ्याचं म्हणणं, बदलून घ्या. त्याने ऑनलाइन मागवलेली चप्पल बदलून मिळाली होती. चौथा म्हणाला, अंगणात मांडव घाला आणि पुढच्या वर्षी बघू. ‘पुढच्या वर्षी’ म्हटल्याबरोबर पुतळाबाई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला शब्द दिला होता. सचिवपद, फूट, फीट सगळं खड्ड्यात गेलं असतं तरी चाललं असतं, पण त्या म्हातारीच्या समोर ‘पुढच्या वर्षी’ हे तिसऱ्यांदा माझ्या तोंडून निघणार नव्हतं.

वाट एकच होती, पुढची भिंत काढायची. पण जागा सरकारी, म्हणजे परवानगी आली. ज्या कार्यालयात गेलो त्याचं नाव सांगत नाही, तिथे माझी अजून दोन कामं अडकलेली आहेत. पहिल्या खिडकीवर पाडकाम बघत. त्यांनी विचारलं, “पाडून काय करणार?” मी म्हणालो, “मूर्ती आत गेली की पुन्हा बांधणार.” “मग हे बांधकाम झालं, पुढची खिडकी.” पुढच्या खिडकीने विचारलं, “सध्या तिथे काय आहे?” म्हटलं, “भिंत.” “भिंत आहे तर भिंतीची परवानगी कशाला?” मी पुन्हा पहिल्या खिडकीवर. तिथल्या माणसाने अर्ज हातात घेऊन वाचला, “आठ फूट भिंत काढणे... आठ फूट म्हणजे कुठून कुठपर्यंत?” त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण माझ्याबरोबर आप्पा आले होते. ते पोट धरून कोपऱ्यातल्या बाकावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

शेवटी एका कनवाळू शिपायाने सल्ला दिला की पाडणे-बांधणे असलं काही लिहू नका, ‘दरवाजा रुंदीकरण’ लिहा. मी लिहिलं. रुंदीकरण शब्द बघून फाइल रस्त्यांच्या विभागात गेली आणि दुसऱ्या दिवशी एक तरुण इंजिनिअर रुंद करायचा रस्ता शोधत प्रज्ञानगरात दाखल झाला. त्याला रस्ता सापडला नाही. मूर्ती मात्र दिसली. त्याने बूट काढले, हात जोडले, मग विहाराला एक फेरी मारून भिंतीवर बोटाने टकटक केलं. “काका, या भिंतीवर काहीच भार नाही. स्लॅब सगळा खांबांवर आहे. आठच काय, पूर्ण काढली तरी चालेल.” आणि ‘किरकोळ दुरुस्ती’ असा शेरा मारून त्याने सही केली. त्याने ‘किरकोळ’ चुकीचं लिहिलं होतं. मी पेनाला हात लावला नाही.

पौर्णिमेला तीन दिवस होते. केरूने पहार घेतली आणि अख्खीच भिंत काढायला सुरुवात केली. तासाभरात कॉलनीतल्या बायका घमेली घेऊन ओळीने उभ्या राहिल्या, आणि समितीच्या माणसांना बाजूला उभं राहून सूचना देण्याचं काम उरलं. पुतळाबाईने एक अख्खी वीट उचलून पदराने पुसली. “मीच आणली व्हती, मीच न्हेते,” ती म्हणाली आणि नळापाशी नेऊन ठेवली. निळी कमानही गेली. ती पाडताना केरूने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्याच्या खिशातून सुतळीचं टोक बाहेर आलेलं होतं.

स्लॅबखाली क्रेनची मान जाईना. वाल्मीक म्हणाला, “इथून पुढं माझं काम नाय, भाऊ.” तेव्हा मात्र माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. रोलर! दोन इंची पाइप, सहा-सहा फुटांचे, दहा नग. हे मला झोपेतही सांगता येतं. पाइप आले, मूर्तीखाली फळी, फळीखाली पाइप, मागचा पाइप काढायचा आणि पुढे लावायचा. सत्तर माणसं ‘हळू, हळू’ म्हणत होती आणि दहा माणसं ढकलत होती. मी पुढे उभा राहून हात दाखवत होतो. “अजून एक फूट!” मी ओरडलो. मागून कुणीतरी म्हणालं, “कुठून?” आणि ढकलणारे इतके हसले की पाच मिनिटं काम थांबलं. मीही हसलो. काय करणार, तथागत स्वतः हसत होते.

सूर्य कलता कलता मूर्ती जागेवर बसली. केरूने रुंद केलेल्या चौथऱ्यावर ती अशी शोभली, की विहारच तिच्या मापाने आखला असावा.

पौर्णिमेच्या सकाळी मालीवनबाई भाच्यासह आल्या. पांढरं लुगडं नेसलेल्या आमच्या बायकांमध्ये पांढऱ्या पोशाखातल्या त्या अशा मिसळल्या की फक्त टोपीवरून ओळखू येत होत्या. ज्योत्स्ना खिरीचं पातेलं ढवळत होती, म्हणून तिचा फोन मालीवनबाईंनी माझ्या हातात दिला आणि बोटाने मागचे फोटो सरकवून दाखवू लागल्या. कमळं, जोडलेले हात, खिरीची वाटी, आणि मग नोव्हेंबरातला एक फोटो. मालीवनबाई स्वतः जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, भाच्याने एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्याच्याही पुढे टेप ताणलेली, टेपवर पाच फुटांच्या आकड्यापाशी बोट. शेजारी आमच्या विहाराच्या दाराचा फोटो. खाली भलंमोठं प्रश्नचिन्ह. आणि त्याखाली आमच्या ज्योत्स्नाचा अंगठा.

मी फोन घेऊन पातेल्यापाशी गेलो. “हे काय आहे?”

तिने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि ढवळणं चालू ठेवलं. “तिने विचारलं, एवढी रुंद चालेल का, दारातून जाईल का. मी म्हटलं, चालेल.”

“तुला ठाऊक होतं? आठ दिवस कॉलनी मला नाचवतेय आणि तुला नोव्हेंबरपासून ठाऊक होतं?”

“अहो, आम्ही काय अर्ज देत होतो, ठाऊक आहे का तुम्हाला? विहार पुरत नाही. पुरुष आत बसतात, आम्ही अंगणात, चपलांपाशी. पुतळाआजी नळाजवळ. आयुष्यभर तिने वंदना पाठमोऱ्या पुरुषांकडे बघून म्हटलीय. पुढची भिंत काढा, एवढंच मागणं होतं. तीन अर्ज दिले. तुम्ही ते शुद्ध करून परत दिले.” तिने डाव चाटून पाहिला. “साखर बघा जरा, पुरे का?”

मला साखर कळण्याची अवस्था नव्हती. ते अर्ज मी तीनदा वाचले होते. त्यातली एकेक वेलांटी मला आजही पाठ आहे. त्यात लिहिलं काय होतं, ते मी त्या पातेल्यापाशी पहिल्यांदा ऐकलं. राग यायला हवा होता. आलं ते लाजेसारखं काहीतरी, आणि त्याच्या पाठोपाठ, कसं सांगू, बायकोचा अभिमान.

वंदना सुरू झाली. पुढे भिंत नव्हती. आतले आणि अंगणातले असे दोन भाग करायला काही उरलंच नव्हतं. त्रिशरणाचा आवाज एकाच तोंडातून निघाल्यासारखा उठला. मी मागे वळून पाहिलं. पुतळाबाई तिच्या नेहमीच्या जागी, नळाजवळच बसली होती. बोलावूनही पुढे आली नव्हती. पण हात जोडून थेट मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि मध्ये कुणाचीही पाठ नव्हती. मूर्ती एवढी मोठी होती, की तिथूनही तिचं हसू दिसत होतं.

नंतर आप्पांनी भाषण केलं. दात्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाले, “सोमवारपासून केरू भिंत पुन्हा बांधायला घेईल. बाकी सचिव सांगतील.”

मी उठलो. फोन अजून माझ्याच हातात होता. तो फोटो सगळ्यांना दाखवला असता, तर त्या क्षणी माझं नाव स्वच्छ झालं असतं. मी ज्योत्स्नाकडे पाहिलं. ती शांत बसली होती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी फोन खिशात टाकला.

“चूक माझी होती,” मी म्हणालो. “आणि दुसरीही एक आहे. महिला मंडळाचा अर्ज माझ्याकडून राहून गेला. आहे का कुणाकडे?”

बायकांमध्ये कुजबुज झाली, आणि चौथा अर्ज हातोहात पुढे आला. सहा महिने कुणाच्या तरी पर्समध्ये घडी घालून होता. पहिल्याच ओळीत ‘विनंती’चा ‘वि’ दीर्घ होता. खिशात लाल पेनच होतं. त्याच पेनाने मी खाली लिहिलं, ‘चुकांसकट मंजूर’, आणि सही केली. मग कागद आप्पांपुढे धरला. आप्पांनी कागदाकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं. आप्पांच्या सौभाग्यवतीही अंगणातच बसल्या होत्या, आणि त्या आप्पांकडेच पाहत होत्या. आप्पांनी सही केली.

“तर भिंत होणार नाही,” मी म्हणालो. “तिथे सरकतं दार लागेल, आणि विहार आता मोठा होणार. पत्र्याची शेड पुढे घ्यायची.”

“किती फूट, पगारे भाऊ?” मागून आवाज आला. सगळं अंगण श्वास रोखून, हसू दाबून वाट बघू लागलं. मी माप सांगायचीच खोटी होती.

मी या वेळी आकडा सांगितला नाही. फूटही म्हणालो नाही आणि फीटही नाही. एक हात मूर्तीकडे केला आणि दुसरा नळापाशी बसलेल्या पुतळाबाईकडे.

“इथून,” मी म्हणालो, “तिथपर्यंत.”

केरू खिशातून सुतळी काढून मोजायला निघालाच होता.